वकीलबाईंची काकडी

९ फेब्रुवारी

छोटे,

फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर आवाज ओळखून ठेवून देतेस. पत्राचं तसं नसतं. ते फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच. त्या दोन ओळींच्या भरवशावर लिहिते आहे.

काही मागायला लिहीत नाहीये, घाबरू नकोस. आई गेली तेव्हा दारात उभी राहून तू मला म्हणालीस, "पाहुणी म्हणून आलीस, पाहुणी म्हणूनच जा." ते मी विसरलेले नाही, आणि त्यावर माझंही बरंच म्हणणं आहे. पण ते आज नको. आज नुसती खुशाली.

मी आहे तिथेच आहे. तेच विद्यापीठ, तीच पीकसंरक्षणाची इमारत, जिन्याखाली तेच गळकं नळकोंडाळं. माझ्या वर्गात खिडकीखाली लांब ओटा आहे आणि त्यावर मायक्रोस्कोप टोप्या घालून बसवलेले असतात. शाश्वत शेतीसाठी पीकसंरक्षण, असा आमचा वर्षाचा अभ्यासक्रम. नाव भारदस्त आहे, पण मी पहिल्याच दिवशी सांगते, की फवारणीचा पंप उचलायच्या आधी पान उलटं करून पाहा, कोण बसलंय ते ओळखा, आणि मगच हात चालवा. एवढंच मी आयुष्यभर शिकवत आले. ओळखा. बाकी सगळं पुस्तकात आहे.

यंदाच्या तुकडीत एक बाई आल्या आहेत, तिशीच्या आसपासच्या. मी काहीही सांगितलं की त्या हात वर करतात आणि म्हणतात, "पण मॅडम, समजा तसं नसलं तर?" त्यामुळे वर्गाने त्यांना वकीलबाई करून टाकलं. मला त्या भारी आवडतात, हे अर्थात मी त्यांना कळू देत नाही. सासऱ्यांचं एक हरितगृह आहे, त्यात त्यांनी काकडी लावली आहे. आमच्याकडे प्रत्येकाने एक पीक विषारी औषधाविना काढून दाखवायचं असतं, तेव्हाच प्रमाणपत्र. सासरे म्हणाले, "एक हंगाम तुझा. जमलं तर हरितगृह तू सांभाळ, नाही जमलं तर मी ते मोडतो आणि तू परत पॅकिंगच्या शेडमध्ये जा." आधी त्या तिथेच होत्या, दिवसभर उभ्याने खोकी चिकटवत. "परत नाही जायचं मॅडम," म्हणतात, "तिथे माणूस विचारच करायचं बंद करतं."

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस. फळ्यावर लिहून लिहून हात सुटला आहे.

एक सहज आठवलं म्हणून विचारते. आईला सुईत दोरा ओवता येईना, तिथपासून सगळं सुरू झालं ना? की त्याच्याही आधी काही झालं होतं? उगाच आपलं डोक्यात आलं.

ताई


२ मार्च

छोटे,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता तोच आहे, एवढं तर कळलं.

काकडीवर कोळी आले. तुला कोळी म्हटलं की भिंतीवरचा तो आठ पायांचा आठवेल, ज्याला बघून तू पलंगावर चढायचीस. हे त्याचेच भाऊबंद, पण टाचणीच्या टोकाएवढे. पानाच्या मागे बसून रस पितात. पानावर आधी पिवळे ठिपके, मग पान तांबूस, मग बारीक जाळं, आणि जाळं झालं की खेळ संपला. तर या लाल कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी असतात. आम्ही त्यांना मित्र कोळी म्हणतो. भुशात मिसळून बाटलीतून येतात, ते पानांवर शिंपडायचे आणि गप्प बसायचं. ते शत्रूला खातात, वाढतात, आणि शत्रू संपला की स्वतःही संपतात. एवढं निरपेक्ष मी माणसात पाहिलेलं नाही.

अडचण एकच. दोघेही लालसर. मित्र जरा मोठा, चकचकीत आणि सारखा पळणारा. शत्रू सुस्त, अंगावर बारीक केस, एका जागी तोंड खुपसून बसलेला. भिंगाखाली पाहिलं की पोरंसुद्धा आठवड्याभरात ओळखायला शिकतात.

वकीलबाई शिंपडणी करून आल्या आणि दर सोमवारी पानं घेऊन येतात, कागदाच्या पुडीत. आमची पद्धत अशी, की प्रशिक्षणार्थीने पाहून सांगायचं, मग मी पाहायचं, आणि थांबायचं की साबणाचं पाणी मारायचं हे मी ठरवायचं. साबणाच्या पाण्याने शत्रू मरतो तसा मित्रही मरतो, म्हणून ते मारायचं तर वेळेवर आणि खात्रीने. परवा मी पाहिलं. पानभर लाल ठिपके. म्हटलं, "वा! मित्र वाढले की! थांबा, हात लावू नका."

त्यांच्या हरितगृहातही जाऊन आले. सासऱ्यांनी बांधकामात फार कंजुषी केली आहे गं. मधले खांब कमरेत वाकलेत. मी तसं म्हणाले तर वकीलबाईंनी खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "सरळ आहेत की मॅडम." म्हटलं ना, प्रत्येक गोष्टीवर वाद.

आई शेवटी शेवटी म्हणायची ना, दाराची चौकट लाटांसारखी दिसते म्हणून? ते शेवटी शेवटी होतं की सुरुवातीला? तू जवळ होतीस. मला नीट माहीत नाही.

ताई


१९ मार्च

छोटे,

आज वर्गात भांडण झालं आणि मी जिंकले. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मी जिंकले की सर्वात जास्त राग तुलाच यायचा.

वकीलबाईंनी पुडी आणली. स्वतः भिंगाखाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "मॅडम, हे आपले नाहीत."

मी पाहिलं. म्हटलं, "आपलेच आहेत."

"पण हे पळत नाहीयेत."

"सकाळी सकाळी गारठ्यात तुम्ही तरी पळता का?"

वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. "मला जाळ्यासारखं पण काहीतरी दिसतंय, पानाच्या शिरेपाशी. एकदा परत बघता का?"

परत बघता का! मी या बाकावर वकीलबाई शाळेत जात होत्या तेव्हापासून बसते आहे. माझा पारा चढला. म्हटलं, "ती पानाची लव आहे. बाई, वाद घालणं वेगळं आणि पाहणं वेगळं. तुम्हाला जे दिसावं असं वाटतं ते तुम्ही पाहताय. डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

पुन्हा हशा. त्या खाली बसल्या. वहीत लिहून घेतलं, मित्र कोळी, थांबणे. पुढच्या तासाला मी मुद्दाम विचारलं, "काय वकीलबाई, समजा तसं नसलं तर?" त्या म्हणाल्या, "नाही मॅडम, तुम्ही म्हणता तसंच असेल."

वर्षभरात पहिल्यांदा त्या गप्प बसल्या. मला वाटलं होतं त्याने बरं वाटेल.

मधे चष्मा बदलायला गेले होते. दुकानातल्या पोराने चार काचा लावून पाहिल्या आणि म्हणाला, "काकू, काचेने होणारं नाही हे, डॉक्टरांना दाखवा." आगाऊ मेला. आईला पहिल्यांदा कोणत्या डॉक्टरांकडे नेलं होतंस? त्यांनी काय शब्द वापरले होते? तुला आठवत असेल. तुझी स्मरणशक्ती माझ्या बाबतीत तर फारच चांगली आहे.

ताई


८ एप्रिल

छोटे,

लपवाछपवी पुरे. तुला एव्हाना कळलंच असेल, माझे प्रश्न काही फार हुशारीचे नव्हते. आईचं तेच मला झालं आहे.

डॉक्टर भली आहे, तरुण आहे. तिने चौकटींचा कागद दाखवला आणि एक डोळा झाकायला सांगितला. उजव्याने रेघा वाकड्या दिसल्या, हरितगृहाच्या खांबांसारख्या. मग डाव्याने. डाव्याने मधला कागदच नव्हता. नुसता राखाडी डाग. मी म्हटलं, हे आज झालं का? ती म्हणाली, "बरेच दिवस झाले असणार. उजवा डोळा दोघांचं काम करत होता, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता उजवाही चाललाय." इंजेक्शनं देतील. गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. कडेचं दिसत राहील. भिंतीला धडकणार नाही मी, पण ज्याच्याकडे बघेन तेच नेमकं दिसणार नाही.

पण छोटे, मी त्यासाठी रडत नाहीये. डॉक्टरने बोलता बोलता एक वाक्य टाकलं. ती म्हणाली, मधे भोक पडलं तरी माणसाला भोक दिसत नाही. मेंदू आपल्या मनाने तिथे काहीतरी भरून टाकतो. शेजारी जे असेल ते, किंवा जे असायला हवं असं वाटतं ते.

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, बाई, कोणाला बोलावू का. कोणाला बोलावणार होते?

मी पानावर काय पाहिलं होतं? मला आठवतं ते असं, की चकचकीत, मोठे, गोलसर मित्र कोळी. स्पष्ट आठवतात. पण मित्र सोडलेत हे मला आधीच माहीत होतं. तिथे मित्रच असायला हवे होते.

काल विभागात सगळे जेवायला गेल्यावर मी वकीलबाईंची जुनी पुडी काढून पान भिंगाखाली धरलं. लाल ठिपका समोर आणला की तो नाहीसा होतो. नजर बाजूला केली की कडेला पुन्हा येतो. केस आहेत की नाहीत, पाय किती, काही म्हणजे काही कळत नाही. मी या वर्षी कितीजणांना पास केलं, कितीजणांना थांबा म्हटलं, कोण जाणे.

उद्या सोमवार. उद्या वकीलबाईंना सांगते. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल. साहेबांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, हा अभ्यासक्रम तसाही नको आहे. त्यांना त्या खोलीत मोठ्या कंपन्यांची औषधं तपासायची यंत्रं बसवायची आहेत. किडे ओळखायला शिकवणाऱ्या बाईला किडा दिसत नाही, यापेक्षा चांगलं निमित्त त्यांना कुठे मिळणार?

तरी सांगते. उद्या.

तू आईजवळ शेवटपर्यंत बसलीस. ती तुला कशी ओळखायची? चेहरा तर दिसत नव्हता.

ताई


२२ एप्रिल

छोटे,

नाही सांगितलं.

त्या सोमवारी वकीलबाई आल्या, आवाज उतरलेला. पानं पिवळी पडताहेत म्हणाल्या. माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "खबरदारी म्हणून साबणाचं पाणी मारून घ्या." एवढंच. म्हटलं, चूक निस्तरेल आणि बोलायचीही वेळ येणार नाही.

त्या म्हणाल्या, "पण मॅडम, मित्र मरतील ना?"

माझंच वाक्य. मीच शिकवलेलं. मी म्हटलं, "थोडे मरतील." तर म्हणाल्या, "मग नको. इतके वाढवलेत आपण. गेल्या वेळी मी घाई करत होते, तुम्ही थांबवलंत. आता मी थांबते." आणि माझ्याकडे बघून हसल्या असाव्यात. आवाज हसरा होता.

तिथे त्या क्षणी दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "बघा तुमचं तुम्ही."

आज त्यांनी फोन करून बोलावून घेतलं. हरितगृहात शिरल्या शिरल्या वास आला, वाळलेल्या पाल्याचा. एरवी तिथे काकडीचा ओला वास असतो. मला कडेने तांबूस रांगा दिसत होत्या. मी हात पुढे केला, पान धरायला, आणि बोटांना जाळं लागलं. ते मला दिसलं नव्हतं. हातभर जाळं होतं छोटे, शेंड्यापासून खालपर्यंत, कापडासारखं. बोटं ओढली तर पानं त्याच्याबरोबर गळून आली. फळं धरली होती ती बोटाएवढीच राहून सुकलेली, आणि त्यांनाही जाळं.

सासरे तिथेच उभे होते. ओरडतील असं वाटलं होतं. ते मला म्हणाले, "तुम्हाला चहा घ्यायचाय का मॅडम?" आणि मग सुनेला म्हणाले, "उद्यापासून प्लास्टिक उतरवायला घेतो." एवढंच बोलून बाहेर गेले.

वकीलबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझं कुठे चुकलं मॅडम? शिंपडताना बाटली नीट हलवली नाही का मी? उन्हात ठेवली होती का?" एकेक आठवून आठवून स्वतःची चूक शोधत होत्या, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ही का, ती का.

मी म्हटलं, "असतं असं कधीकधी."

तू मला पाहुणी म्हणालीस ते परवापर्यंत मला अन्याय वाटायचं. आज त्यांच्याकडून निघाले तेव्हा त्यांच्या सासूबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या, सांभाळून जा म्हणाल्या, आणि मी खरोखर पाहुण्यासारखी निघून आले.

ताई


१० मे

छोटे,

निकालाची बैठक झाली. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, साहेब मधोमध. प्रत्येक प्रशिक्षणार्थी येऊन आपल्या पिकाचं काय झालं ते सांगतो. वकीलबाईंची पाळी आली. साहेबांनी विचारलं, "तुमच्या पानांवरचे कोळी शत्रू होते, हे शेवटी प्रयोगशाळेने सांगितलं. मग दोन महिने तुम्ही मित्र म्हणून का लिहीत होतात?"

मी त्यांच्या अगदी समोर बसले होते. त्या माझं नाव घेतील याची मी वाट पाहत होते. खरं सांगते, मनातून घ्यावं असंच वाटत होतं, म्हणजे माझं मला बोलावं लागलं नसतं. त्या म्हणाल्या, "माझी ओळखण्यात चूक झाली."

"मॅडमना दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं होतं. पण पुडीत कोणती पानं भरायची ते मीच ठरवत होते. चुकीची भरली असतील."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणता?" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "शक्य आहे."

शक्य आहे. नापास केलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. हरितगृह उतरवून झालं होतं, अंगणात प्लास्टिकच्या गुंडाळ्या पडल्या होत्या, त्यांना अडखळून पडता पडता वाचले. वकीलबाईंनी माझा दंड धरला आणि ओसरीत आणून बसवलं. त्यांच्या त्या धरण्यावरून मला शंका आली, यांना माझ्या डोळ्यांचं कळलंय की काय, पण मी सांगायचं ठरवून गेले होते, म्हणून सांगितलं. डोळे, डॉक्टर, डाग, सगळं. म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. पहिल्या पुडीपासून मला दिसत नव्हतं. मी अंदाजाने बोलत होते आणि तो अंदाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं, तेव्हाही बोलले नाही.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही हे मला वाटलंच होतं. खांब वाकलेत म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही भिंगात बघायचात आणि एवढ्या खात्रीने सांगायचात. मला वाटलं, लांबचं दिसत नसेल, जवळचं दिसत असेल." आणि मग अगदी हळू, माझ्यावर रागावूनसुद्धा नाही, म्हणाल्या, "मॅडम, मला ते पहिल्यापासून बरोबर दिसत होतं ना?"

मी हो म्हटलं.

"जाळंसुद्धा?"

"जाळंसुद्धा."

त्या रडायला लागल्या. मला वाटलं पिकासाठी असेल. तर म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात त्या दिवसापासून मी भिंगात बघणंच सोडलं. बघितल्यासारखं करायचे आणि तुम्ही काय म्हणता ते लिहायचे. शेवटी शेवटी घरी पान हातात घेतलं तरी मला सांगता येत नव्हतं काय आहे ते. दिसायचं, पण वाटायचं, मला दिसतंय म्हणजे तसं नसणारच."

छोटे, मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, पाहायला. आणि माझ्या हाताखाली आलेल्या सगळ्यात चांगल्या डोळ्यांना मी पाहणं सोडायला लावलं, भर वर्गात, लोकांना हसवून. माझा डोळा रोगाने गेला. त्यांचा मी घालवला. याला इंजेक्शन नाही.

तिथून थेट साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, निकाल बदला म्हटलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "बाई, निकाल वर गेला. आता बदलायचा तर दहा वर्षांचे निकाल लोक उकरून काढतील, आणि मग अभ्यासक्रमही बंद करावा लागेल. तुमची निवृत्ती तोंडावर आली आहे. वैद्यकीय रजा टाका, मानाने जा." मी म्हटलं, लिहून देते. म्हणाले, "द्या की." दिलं. त्यांनी ते खणात ठेवलं, खण ओढल्याचा आवाज मी ऐकला. अभ्यासक्रम पुढच्या वर्षीपासून बंदच होणार आहे, हे मला त्यांच्या शिपायाकडून कळलं.

वकीलबाई सोमवारपासून पॅकिंगच्या शेडमध्ये जायला लागल्या. मी त्यांना म्हटलं होतं, दुसरं विद्यापीठ आहे, मी चिठ्ठी देते, पुन्हा सुरू करा. त्या म्हणाल्या, "नको मॅडम." मी वाट पाहिली. समजा तसं नसलं तर, असं काहीतरी म्हणतील. तसं काही म्हणाल्या नाहीत.

ताई


३ जून

छोटे,

तुझं पत्र आलं.

पोस्टमनने हातात दिलं तेव्हा वाटलं बिल असेल. मग पाकिटावर अंगठा फिरवला तर चिकटवलेल्या जागी वरून पुन्हा चिकटपट्टी, दोन्ही बाजूंनी. असं फक्त तूच करतेस. इतक्या वर्षांनी तुझं पत्र, आणि चांगलं जाडजूड, तीन-चार कागद तरी आहेत. मी ते उघडलं आणि टेबलावर पसरलं.

मला ते वाचता येत नाही.

तुझं अक्षर आधीच मुंगीचं. मला ओळींच्या सुरुवाती दिसतात, शेवट दिसतात, आणि मधे काही नाही. कागद तिरका धरला, उजेडात नेला, भिंग लावलं. मग वेड्यासारखी विभागात गेले. खोली रिकामी करायला लावली आहे, मायक्रोस्कोप खोक्यांत भरून झालेत, एक तेवढा ओट्यावर राहिला होता, पडद्याला जोडलेला. तुझं पत्र मी त्याच्याखाली ठेवलं. पडद्यावर तुझं एकेक अक्षर तळहाताएवढं झालं, शाई कागदात पसरलेली, कागदाचे धागे. नजर बाजूला ठेवून, कडेने, एकेक अक्षर पकडत गेले. "ताई" सापडलं. खाली कुठेतरी "आई" सापडलं. पुढे "कधीच" असं काहीतरी. आणि तिथे मी हात काढून घेतला.

कारण मला लगेच पुढचं दिसायला लागलं छोटे. ताईवर कधीच राग नव्हता. आईने तुला कधीच दोष दिला नाही. चांगलं, स्पष्ट, तुझ्या अक्षरात. पडद्यावर तसं काही नव्हतं, मी पडद्याकडे बघतसुद्धा नव्हते. मीच भरत होते. असंच मी काकडीच्या पानावर पाहिलं होतं, जे असावं असं वाटत होतं ते, आणि तितक्याच स्पष्ट.

आता अंदाजाने वाचणार नाही. कोणाकडून वाचून घ्यावं, तर इथे असं माणूसच उरलेलं नाही. एक होतं, ज्याला जे असेल तेच दिसायचं आणि ते तोंडावर सांगायची हिंमतही होती. तिला मी कोणत्या तोंडाने बोलावू?

हे पत्र लिहितानाही ओळीखाली पट्टी धरली आहे, नाहीतर एका ओळीवर दुसरी चढते. चढली असेल तर समजून घे. पुढे किती दिवस लिहिता येईल माहीत नाही.

तुझं पत्र उशाखाली ठेवलं आहे. तू ये आणि मला वाचून दाखव. आत शिव्या असतील तर शिव्याच वाच, एक शब्द गाळू नकोस, माझी दया येऊन काही बदलू नकोस. आणि वाचून झाल्यावर निघून जायचं असेल तर जा. मी दारात अडवणार नाही.

ताई